व्यापार-विवेक : आधी नमुना, मग माग

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी बसविला. त्या वेळी तेथे जहागीर होती आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी उद्योगाला आश्रय दिला होता. त्या एका मागाभोवती पुढे सूताच्या पेढ्या, सायझिंगचे कारखाने आणि ग्रे कापडाची बाजारपेठ उभी राहिली. कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक जैन कुटुंबांचे चरितार्थ आजही याच धाग्याला बांधलेले आहेत. मात्र मीटरवर विकल्या जाणाऱ्या साध्या कापडाचा नफा पैशांत मोजावा लागतो, उधारी लांबत जाते आणि शिकलेली मुले पेढीच्या गादीवर बसण्यास नाखूश असतात. अशा घरातील अभियंता मुलगा किंवा सून जेव्हा 'विजेचे कापड' काढू या असे म्हणते, तेव्हा वडीलधाऱ्यांना कापड आणि यंत्र यांतला हा कोणता प्रकार, असा प्रश्न पडतो. तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

इलेक्ट्रॉनिक वस्त्र म्हणजे ज्याच्या धाग्यांतून वीज वाहते आणि त्या विजेच्या आधारे जे काही काम करते, असे कापड. नाडीचे ठोके टिपणारी बंडी, अंधारात वाहनचालकाला दिसेल असे उजळणारे जाकीट, थंडीत ऊब देणारा पट्टा ही त्याची उदाहरणे. येथे तांब्याच्या तारेऐवजी बहुधा चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा वापरतात. तो सुईत ओवता येतो, मागावर विणता येतो आणि वीजही वाहून नेतो.

ही कल्पना परक्या मुलुखातली वाटली, तरी तिच्या मुळाशी भारतीय कापड आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी धातूच्या पातळ पत्र्याने वेढलेल्या रेशमी धाग्याचे 'ऑर्गंझा' घेऊन त्यावर कळफलक शिवला आणि २००० साली त्याविषयीचा प्रबंध प्रसिद्ध केला. असे कापड भारतात निदान शतकभर विणले जात आहे, याची त्यांनी नोंद केली होती. जरीच्या व्यापाऱ्याने आयुष्यभर ज्या धाग्याची चमक पाहिली, त्याची वाहकता संशोधकांनी पाहिली. त्याआधी १९९६ च्या सुमारास जॉर्जिया टेक येथे मद्रासमध्ये वस्त्रविद्या शिकलेले प्राध्यापक सुंदरेसन जयरामन यांनी सैनिकांसाठी एक अंगरखा विकसित करण्यास आरंभ केला. गोळी कोठे लागली आणि हृदयाची गती काय आहे, हे तो कळवू शकत असे. या दोन्ही प्रसंगांत कापडाच्या जाणकाराचे स्थान विजेच्या जाणकाराइतकेच महत्त्वाचे होते. ज्या जिल्ह्यात यंत्रमाग आहेत, हुपरीसारखे चांदीकामाचे गाव आहे आणि १९८२ पासून वस्त्रशास्त्र शिकविणारी डीकेटीई ही संस्था आहे, तेथे हे दोन जाणकार एकत्र येणे अशक्य नाही.

तथापि माग विकत घेण्याआधी नमुना तयार झाला पाहिजे, आणि तो घरच्या टेबलावर होऊ शकतो. सुती कापडाचा तुकडा, वाहक धागा, ३ व्होल्टचा नाण्याच्या आकाराचा सेल, लहान एलईडी दिवे आणि मल्टिमीटर एवढ्या साहित्यावर आरंभ करता येतो. सेलच्या धन आणि ऋण टोकांपासून दोन स्वतंत्र शिवणी काढायच्या आणि प्रत्येक दिव्याचे एक टोक एका शिवणीला, दुसरे दुसरीला टाकायचे. या दोन शिवणी कोठेही एकमेकींना स्पर्शता कामा नयेत, कारण धाग्यावर रबराचे आवरण नसते. कापडाची घडी पडली तरी दोन धागे चिकटतात आणि सेल व्यर्थ उतरतो. गाठीची सुटी टोके आखूड कापून डिंकाने बसवावी लागतात. हा धागा तांब्यापेक्षा विजेला अधिक अडथळा करतो, म्हणून शिवण लांबली की दूरचा दिवा मंद पेटतो. इतके कळण्यास एक रविवार पुरतो. नाण्यासारखा सेल मुलाने गिळल्यास जिवावर बेतू शकते, तेव्हा तो उघड्यावर ठेवू नये.

खरी परीक्षा त्यानंतरची आहे. घाम, साबण आणि पिळणे यांनी चांदीचा मुलामा झिजतो. हवेतील गंधकाने तो काळवंडतो, हे चांदीच्या व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून नमुना दहा वेळा धुवावा, प्रत्येक धुण्यानंतर मल्टिमीटरने अडथळा मोजावा आणि तो आकडा वहीत लिहावा. सेल व विजेचा भाग टिचबटणांवर बसवावा, म्हणजे धुताना तो सहज काढता येईल. यात आपल्या घरांची आणखी एक सोय आहे. सामायिकाला बसताना विजेवर चालणारी वस्तू अंगावर नको, असा नियम अनेक जण पाळतात. ज्याचा विजेचा भाग सुटा होतो, ते वस्त्र त्या घरातही चालेल. शिवाय धागा नायलॉनचा आणि कापड सुती असल्यामुळे रेशमाची गरज उरत नाही. ज्या ग्राहकाला कोशातील जीवाची हिंसा नको असते, त्याला हे अभिमानाने सांगता येईल.

मोठे भांडवल असले म्हणजे माल खपतोच असे नाही. गूगल आणि लिव्हाइस यांनी २०१७ साली एक जाकीट बाजारात आणले. त्याच्या बाहीच्या टोकाशी वाहक धागे विणलेले होते, तेथे बोट फिरविले की फोनवरील गाणे बदलत असे. किंमत होती ३५० डॉलर. २०२३ मध्ये त्याची सेवा बंद झाली आणि ग्राहकाच्या हाती साधे जाकीट उरले. कापडात उणीव नव्हती. गाणे फोनवरही बदलता येते, तेवढ्यासाठी इतकी किंमत मोजण्याची निकड फारच थोड्यांना होती. उलट, पडण्याचा धोका असलेल्या आजोबांच्या मुलांना किंवा रात्री महामार्गावर काम करणाऱ्या कामगाराच्या मालकाला खरी निकड असते. नमुना घेऊन आधी त्यांच्याकडे जावे.

कर्जाचा विचार याच क्रमाने करावा. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत 'शिशु' या वर्गात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते, नमुन्याच्या टप्प्याला त्याहून अधिकाची सहसा गरज नसते. घर किंवा पेढी तारण ठेवून, ग्राहक न पाहता यंत्रे आणणे हा साहसाचा आभास आहे. यंत्राचे हप्ते पहिल्या महिन्यापासून सुरू होतात, पहिली ऑर्डर मात्र तिच्या वेळेने येते. धुण्याच्या नोंदींची वही, दोन ग्राहकांची लेखी मागणी आणि प्रत्येक नगाचा खर्च एवढे हाती असेल, तर बँकेपुढे बोलण्यास पुरेसे ठरते. मार्गानुसारीच्या ३५ गुणांत न्यायसंपन्न वैभव पहिले आहे, आणि मिळकतीला साजेसा खर्च हाही त्यांतच सांगितला आहे.

न्यायाचा भाग येथे वस्त्राच्या अखेरीशीही जोडलेला आहे. धागा, चांदी आणि सेल एकजीव झालेले कापड टाकून दिल्यावर ना चिंधी म्हणून उपयोगी पडते, ना भंगार म्हणून. विकतानाच जुना माल परत घेण्याची व्यवस्था लावावी. सुटा होणारा भाग येथेही कामी येतो.

पेढीवरच्या वडिलांनी नव्या पिढीला 'नाही' म्हणण्याआधी एक रविवार आणि थोडे रुपये द्यावेत. मुलांनीही मागाची गोष्ट काढण्याआधी दहा वेळा धुतलेला तुकडा त्यांच्यापुढे ठेवावा. सूत बोटांत धरून त्याची पारख करणारा हात आणि मल्टिमीटर धरणारा हात एका टेबलावर आले, तर पेढी बंद करण्याची चर्चा काही काळ तरी पुढे ढकलता येईल.