बाळंतिणीची धाव

गर्भारपणी धावणे, हे शब्द कानी पडताच आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया कपाळाला हात लावतील. परंतु ज्यांना आधीपासून नित्य धावण्याचा सराव आहे आणि ज्यांच्या गर्भारपणात काही अडचण नाही, त्यांनी तो एकाएकी सोडावा असे आता वैद्यकशास्त्र म्हणत नाही. मात्र डॉक्टरांना विचारून, आणि धावता धावता दोन वाक्ये बोलता येतील अशा बेताच्या वेगाने. वैशाखातले इंदूर-बडोद्याचे ऊन तर टाळावेच. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, छातीत दुखणे, घेरी अथवा कळा, यांपैकी काहीही जाणवल्यास तेथेच थांबून डॉक्टरांना गाठावे. ज्या कधीच धावल्या नाहीत, त्यांना या दिवसांत चालणे पुरे.

आमच्या मते खरी घाई होते ती नंतर. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफने २००३ साली लंडनची मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत पुरी करून जागतिक विक्रम केला होता. गर्भारपणातही ती धावत राहिली. जानेवारी २००७ मध्ये तिला कन्या झाली आणि त्याच नोव्हेंबरात तिने न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली. कौतुक झाले ते एवढ्याचेच. मधल्या काळात कण्याच्या तळाच्या हाडाला बारीक तडा जाऊन तिला सक्तीने थांबावे लागले होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

गर्भारपणी सांध्यांचे बंध सैलावतात, ओटीपोटाचा तळ पेलून धरणारे स्नायू ताणले जातात. ते सावरण्यास महिने लागतात. २०१९ मध्ये ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांनी प्रसूतीनंतर निदान तीन महिने धावू नये असे सुचविले. आपला सवा महिना त्या मानाने थोडाच! तेव्हा बाळंतिणीच्या विश्रांतीची आम्ही थट्टा करणार नाही. (डिंकाचे लाडू मात्र मोजून खावेत.) आमची तक्रार सवा महिना सरल्यानंतरची आहे. सून लगेच पाण्याच्या बादल्या उचलू लागते, आणि खोकताना वा धावताना लघवीचे थेंब गळू लागले तर लाजेने कोणाशी बोलत नाही. बोललीच, तर ‘मुलं झाली की असं व्हायचंच’ हे उत्तर ठरलेले. तसे मुळीच नाही. लघवी थोपविताना जे स्नायू आवळले जातात, तेच एरवी दिवसातून काही वेळा आवळून सैल सोडण्याच्या व्यायामाने पुष्कळ स्त्रियांना गुण येतो. तो डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावा. सिझेरियन झालेल्यांनी टाक्यांविषयीही विचारावे. मग आधी चालणे, पुढे भरभर चालणे, नंतर मिनिटभर धावून पुन्हा चालणे. थेंब गळले किंवा ओटीपोटात जडपणा वाटला, तर एक पायरी मागे यावे.