रविवार कोणाचा?

माझे वडील सातपूरला एका कारखान्यात लेथवर आहेत. घरातला नळ असो की दाराची कडी, अण्णा त्यावरून अंगठा फिरवून ‘फिनिशिंग’ कसे आहे ते सांगतात. आपला जॉब कधी परत येत नाही, याचा त्यांना अभिमान आहे, आणि मलाही. पण माझ्या फीसाठी ते रविवारीही ओव्हरटाइमला जातात. पूर्वी भजनी मंडळात वाजवायचे तो पखवाज भिंतीला टांगलेला आहे.

रविवारची सुट्टी सुखासुखी मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेऊन ती मागितली. गिरणीमालकांनी ती मान्य केली १० जून १८९० रोजी. मधली सहा वर्षे झगडण्यात गेली.

तेव्हा मालक रविवार देत नव्हते. आज आपणच तो गरजेपोटी विकतो. कामात गोडी असली की विकल्याचे कळतही नाही. कामाने माणसाला मान मिळतो हे खरे, पण घर, गाणे, शेजार यांसाठीही माणूस उरला पाहिजे, असे माझे मत आहे.

यंदा मी दोन शिकवण्या धरल्या आहेत. महिन्यातले दोन रविवार तरी अण्णांनी घरी राहावे, पखवाज खाली काढावा, एवढेच मागणे आहे.