कुत्र्याला बिस्किट नको, घरचा खाऊ द्या

कुत्रा हा इमानी प्राणी आहे, असे आपण निबंधात दरवर्षी लिहितो. पण त्याला खायला काय द्यावे, हे कोणी लिहीत नाही. म्हणून मी या भित्तिपत्रकात माझे मत लिहीत आहे. माझे मत असे की, कुत्र्याला बिस्किटे घालू नयेत. त्याचा खाऊ घरीच करावा. तो सोपा आहे आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी कुत्री येऊन बसतात. मुलं त्यांना बिस्किटं टाकतात. मुलांच्या मनात माया असते म्हणून ती टाकतात, ही गोष्ट चांगलीच आहे. पण माया आपली आणि पोट कुत्र्याचे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आपल्याकडे बिस्किट म्हटलं की पारले. हे नाव मुंबईतल्या विलेपार्ले या ठिकाणावरून आले आहे. तिथे १९२९ साली कारखाना निघाला. आधी गोळ्या होत असत, मग १९३९ पासून बिस्किटे होऊ लागली. माझा मामा तिकडेच राहतो. तो सांगतो, आगगाडी विलेपार्ले स्टेशनात आली की बिस्किटे भाजल्याचा गोड वास यायचा. डुलकी लागलेल्या माणसालासुद्धा आपलं स्टेशन आलं हे कळायचं. तो कारखाना २०१६ साली बंद झाला. आता बिस्किटे दुसऱ्या गावांच्या कारखान्यांत होतात. मामा म्हणतो, पार्ल्यातली कुत्री पुड्याच्या कागदाचा आवाज ऐकूनच शेपूट हलवतात. आपल्या गावातली कुत्रीही तशीच आहेत.

बिस्किट वाईट असते, असे मी म्हणत नाही. मलाही चहात बुडवून ते आवडते. पण ते माणसांसाठी केलेले आहे. पुड्यावर चित्रसुद्धा मुलीचे आहे, कुत्र्याचे नाही! पुड्यावर बारीक अक्षरांत मैदा, साखर, तेल, मीठ असे लिहिलेले असते. कुत्र्याला साखरेची गरज नसते. रोज गोड खाल्ले तर त्याचे दात बिघडतात आणि अंगावर चरबी चढते. आपले दात किडले तर आपण डॉक्टरांकडे जातो. फाटकाशी बसणाऱ्या कुत्र्याला कोण नेणार?

आता खाऊ कसा करायचा ते सांगते. एक वाटी बाजरीचे किंवा ज्वारीचे पीठ घ्यावे. लाल भोपळ्याची फोड उकडून कुस्करावी आणि अर्धी वाटी त्यात घालावी. भोपळा नसला तर गाजर किंवा रताळे उकडून घालावे. मीठ, साखर, गूळ, तिखट काही घालू नये. लागेल तसे पाणी घेऊन उंडा मळावा आणि जाडसर लहान भाकऱ्या थापाव्यात. तव्यावर दोन्ही बाजूंनी नीट भाजाव्यात. मग चुलीच्या वैलावर ठेवून कडक होऊ द्याव्यात. निवल्यावर बोटाएवढे तुकडे करावेत. कच्चे पीठ कुत्र्याला कधीच देऊ नये, ते पोटात फुगते. भाजायचे काम आईने किंवा आजीने करावे. आपण मळावे, थापावे आणि तुकडे करावेत. हा खाऊ डब्यात दोन दिवस टिकतो.

भोपळाही नसेल तर रात्रीची शिळी भाकरी कडक करून दिली तरी चालते. मात्र तिला बुरशी आलेली नसावी आणि कालवण लागलेले नसावे. कालवणात कांदा-लसूण असतो. कांदा आणि लसूण पोटात गेला तर कुत्र्याचे रक्त बिघडते, मग तो कच्चा असो की शिजवलेला. द्राक्षे आणि मनुका यांनी त्याचे मूत्रपिंड खराब होते. चॉकलेट तर त्याला विषच आहे. शिजवलेल्या कोंबडीची हाडेही टाकू नयेत. त्यांचे टोकदार तुकडे होतात आणि घशात किंवा आतड्यात टोचतात.

आपल्याकडे कुत्र्याला घास देण्याची रीत जुनीच आहे. कुत्रे हे खंडोबाचे लाडके. चंपाषष्ठीला बाजरीचे रोडगे आणि वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य असतो आणि कुत्र्यालाही घास देतात. माझे म्हणणे एवढेच की, कुत्र्याला रोडगा द्यावा, कांदा घातलेले भरीत देऊ नये. देव काही रागावणार नाही. नामदेवांची गोष्टही आपण ऐकली आहे. कुत्रा कोरडी भाकरी घेऊन पळाला, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. म्हणजे कुत्र्याचे जेवण भाकरीच होते, हे त्या गोष्टीतूनही कळते.

काही मोठी माणसं म्हणतात, "माणसाला पुरेना, आणि कुत्र्याचे लाड कसले?" त्यांचे बोलणे खोटे नाही. पण मी पक्वान्न करा असे म्हणत नाही. घरटी एक भाकरीचा तुकडा पुरे. कुत्रा रात्रभर जागतो, त्याची ती मजुरी समजावी. पुडा विकत आणून घालण्यापेक्षा हे स्वस्तच आहे.

दुसरे काही म्हणतात, "खायला घातलं की कुत्री माजतात आणि चावतात." याचाही विचार केला पाहिजे. खाऊ हातात धरून भरवू नये, जमिनीवर ठेवून मागे सरावे. पिल्ले असलेल्या कुत्रीजवळ जाऊ नये. कुत्रा खात असताना त्याला हात लावू नये. आणि चावलाच, तर जखम लगेच साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. घरी सांगावे आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यावे. हळद, चुना लावून बसू नये. रेबीज एकदा झाला की माणूस सहसा वाचत नाही.

पण मला वाटतं, खाऊचा यातही उपयोग आहे. ज्या कुत्र्याला रोज एक जण खाऊ देतो, तो त्या माणसाजवळ येतो. जवळ येणाऱ्या कुत्र्याला धरून रेबीजची लस टोचता येते. भिऊन पळणाऱ्या कुत्र्याला कशी टोचणार? कुत्र्याला लस टोचली की आपल्यालाही भीती कमी.

तेव्हा पालकांना माझी विनंती आहे. भाकऱ्या करताना शेवटचा एक छोटा उंडा बिनमिठाचा ठेवावा. गावातल्या कुत्र्यांना लस टोचून घेण्याचा विषय ग्रामसभेत काढावा. आणि वर्गातल्या मित्रमैत्रिणींनो, बिस्किटे आपण खाऊ. कुत्र्यासाठी दप्तरात भाकरीचे दोन तुकडे आणू, आणि फाटकाशी एक पाण्याचे भांडे ठेवू. भांडे रोज कोणी भरायचे याच्या पाळ्या लावू. सोमवारची पाळी माझी.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी