पाना कुणाच्या हातात?

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरुणांनी जुन्या श्विन सायकली उचलल्या. सांगाडा १९३०-४० च्या दशकांतला, ब्रेकच्या मुठी मोटारसायकलच्या, गिअर तिसऱ्याच सायकलचे. या जोडाजोडीतून माउंटन बाइक घडली. इतिहासात नावं मात्र बहुतेक पुरुषांची. वेंडी क्रॅग त्यांच्याबरोबर तेच डोंगर उतरायची, पण आठवली जाते फोटो काढणारी म्हणून! (ते फोटो नसते तर या मंडळींचा इतिहास तरी कितीसा उरला असता?)

आपल्याकडेही मुलीला सायकल मिळते, पाना मिळत नाही. चेन पडली की भावाला हाक. मैत्रिणींनो, सायकलवाटपाचं स्वागत करूच. पण पंक्चर काढणं, ब्रेक आवळणं, भंगारातून आपल्या सायकलला बसेल असं चाक निवडणं कोण शिकवणार? पुढच्या शिबिरात भाषणांतले दोन तास कापून त्यासाठी ठेवावेत.