आधी तिसरी पिन, मग कार्ड

नांदेड-लातूरच्या पोरांना स्वस्तातल्या गेमिंग कॉम्प्युटरचा मंत्र देणारे एक तज्ज्ञ सध्या जोरात आहेत. नाव घेत नाही, घेतलं तर त्यांना आवडेल. मंत्र असा: कंपन्यांनी मोडीत काढलेला ऑफिसचा डबा हैदराबादहून आणा, त्यात जुनं ग्राफिक्स कार्ड खुपसा, एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, आहे तोच चालू द्या, नाहीतर मिळेल तो स्वस्तातला टाका, आणि उरलेल्या पैशात रंगीत दिव्यांचे पंखे लावा. पैसा दिसतो तिथे घालायचा आणि दिसत नाही तिथे वाचवायचा. लग्नाच्या मांडवाला हा हिशोब लागू पडतो.

डब्याची गोष्ट लवकर संपते. देवगिरी एक्सप्रेसनं सिकंदराबादला उतरलं की सीटीसीचा कॉम्प्युटर बाजार आहेच. पण या डब्यांतला एसएमपीएस अनेकदा २४० वॅटच्या आसपासचा, त्या कंपनीच्याच मापाचा असतो आणि त्यातून कार्डाला लागणारी जादा वायर निघत नाही. मदरबोर्डावरचा कार्डाचा स्लॉट ७५ वॅट देतो. तेवढ्यात जीटीएक्स १६५० हे कार्ड भागवतं. तज्ज्ञांचं लाडकं आरएक्स ५८० मात्र १८५ मागतं. हे कार्ड स्वस्त का मिळतं, ते काही ते सांगत नाहीत. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस जुंपलेली कार्डं बाजारात ओतली गेली. शिवाय या डब्यांत असतो तसल्या सहाव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, आणि १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

आता एसएमपीएस. माझं खरं भांडण इथेच आहे.

एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ छापलेलं असतं आणि आमचे तज्ज्ञ ते वेदवाक्य मानतात. त्यांनी एकदा तो फिरवून बाजूचा तक्ता वाचावा. आजचा कॉम्प्युटर जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या ओळीतून ओढतो. त्या ओळीपुढे १६ अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार करा: १९२ वॅट. बाकीचे वॅट कुठे गेले? ३.३ आणि ५ व्होल्टच्या ओळींत, म्हणजे जिथे आता फारसं कुणी जेवायला बसत नाही. वर कार्ड १८५ मागतंय आणि प्रोसेसरही उपाशी आहे. गेम ऐन रंगात आला की मशीन बंद पडतं आणि पोरगं विंडोजला शिव्या घालतं.

ही झाली शांत विजेची गोष्ट. आमच्याकडची वीज शांत नसते. डीपी जळते, गल्लीचा न्यूट्रल तुटतो आणि २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्टेज घरात घुसतं. त्या रात्री आळीतले टीव्ही एकदम जातात, हे इथे कुणाला सांगायची गरज नाही. सगळे मार खातात, पण हलका एसएमपीएस जाताना मदरबोर्डालाही घेऊन जातो. इन्व्हर्टर साध्या चौकोनी लहरीचा असेल तर चांगला एसएमपीएससुद्धा वीज गेल्याच्या क्षणी रुसू शकतो, म्हणून तोही आधी तपासायचा.

अर्थिंगबद्दल तर तज्ज्ञांनी एक अक्षर काढलेलं नाही. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ना? एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. तिसऱ्या पिनमागे अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण अर्धं व्होल्टेज तरंगत राहतं. पुष्कळ घरांत ती पिन नुसती शोभेची. जिथे मीठ-कोळशाचा खड्डा आहे तिथेही उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते आणि खड्डा कोरडा पडतो. त्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओता म्हणणाऱ्याला लोकांनी चोपला असता. पण ओतावं लागतं, त्याला इलाज नाही.

याच तज्ज्ञ मंडळींनी पूर्वी ‘असेंबल्ड मशीन म्हणजे भंगार, ब्रँडेडच घ्या’ असा धोशा लावला होता. आता ब्रँडेड भंगारच घ्या म्हणतात. एवढी निष्ठा कौतुकास्पद आहे. दुसरा एक गट आहे, त्याला गेमिंगच नको. पोरं नीटचे क्लास सोडून खेळतील म्हणतो. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली तेव्हा याच गटानं पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पुढच्या वर्षी तोच खेळ नवं नाव घेऊन परत आला. नीटच्या निकालावर त्यांचा वाद त्यांनाच लखलाभ.

मग मी काय घ्या म्हणतो? सध्या कार्डच घेऊ नका. रायझन ५ ५६००जी घ्या: सहा कोर, ग्राफिक्स आतच, आणि टीडीपी, म्हणजे उष्णतेचं माप, ६५ वॅट. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेल्यावर पत्र्याखालच्या खोलीत ६५ आणि १८५ मधला फरक कूलरसमोर बसूनही कळतो. आठ-आठ जीबीच्या दोन रॅम लावा, एकच सोळाची नको. आतल्या ग्राफिक्सला दोन वाटांनी मेमरी मिळाली तरच ते पळतं. २०२५ च्या अखेरीपासून रॅम महाग झाली आहे, इथे खिसा दुखणार. एसएमपीएस नावाजलेला, १२ व्होल्टची ओळ वाचून घेतलेला. कॅबिनेट साधं. गल्लीतल्या वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. पुढे पैसे जमले की याच मशीनमध्ये कार्ड बसेल.

व्हॅलोरंट यावर छान चालतो, जीटीए ५ सेटिंग उतरवून चालतो. सायबरपंक? रेझोल्यूशन पाडून रखडत चालेल. तज्ज्ञ म्हणतील, मग हे कसलं गेमिंग. ज्या पोराचं मशीन परवा दुसऱ्यांदा दुरुस्तीला गेलं, त्याला विचारा; त्याच्या पंख्यांचे दिवे मात्र अजून लागतात म्हणे.