छाती, स्तन आणि लाजेचे व्याकरण

मराठी व्याकरणाने एक गंमत करून ठेवली आहे. पुरुषाच्या पराक्रमाचे माप मानली गेलेली ‘छाती’ स्त्रीलिंगी आहे, आणि स्त्रीत्वाची खूण मानला गेलेला ‘स्तन’ पुल्लिंगी. व्याकरणाला या अदलाबदलीचे काहीच वाटत नाही. समाजाला मात्र वाटते. छाती ठोकून बोलावे, छातीचा कोट करावा, असे वाक्प्रचार मुलाच्या कानी लहानपणापासून पडत असतात. पण त्याच छातीवर तेराव्या-चौदाव्या वर्षी उंचवटा दिसू लागला, तर त्याला काय म्हणावे हे भाषा त्याला सांगत नाही. तिच्याकडे त्या वेळी एकच शब्द तयार असतो : ‘बायल्या’.

वैद्यकशास्त्रही या बाबतीत फार उदार नाही. ‘गायनेकोमॅस्टिया’ या ग्रीक मुळाच्या संज्ञेत ‘स्त्री’ आणि ‘स्तन’ हे दोनच शब्द आहेत; म्हणजे हिणवणी निदानाच्या नावातच बसलेली आहे. सातव्या शतकातील ग्रीक वैद्य एजायनाचा पॉल याने या विकारावरील शस्त्रक्रियेचे वर्णन करताना कारण दिले ते बायकीपणाच्या कलंकाचे. तेराशेहून अधिक वर्षांत शस्त्रे बदलली. कारण फारसे बदललेले नाही.

वस्तुस्थिती अशी, की स्तनग्रंथीचा अंश प्रत्येक पुरुषाच्या शरीरात असतो. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांचा तोल ढळला की ती ग्रंथी वाढते. वयात येणाऱ्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना हा अनुभव कमी-अधिक प्रमाणात येतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत सहा महिने ते दोन-तीन वर्षांत तो आपोआप ओसरतो. निम्म्या वर्गाला जे घडते ते प्रत्येकाला आपल्या एकट्याचेच वाटावे, हा खरा चमत्कार आहे. काहींच्या बाबतीत मात्र कारण शोधावे लागते : काही औषधे, यकृताचे, थायरॉइडचे वा वृषणाचे विकार, किंवा शरीर कमावण्यासाठी घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शने. पुष्कळदा तिथे ग्रंथी नसून निव्वळ चरबी असते. एकाच बाजूची कठीण गाठ किंवा बोंडातून येणारा स्राव मात्र लाजेपोटी लपवू नये. स्तनांच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांमागे साधारण एक पुरुष असतो.

कोल्हापुरात हा प्रश्न जरा अधिक टोचतो, कारण येथे पुरुषाची छाती उघडी असते आणि तिच्याकडे पाहिले जाते. तालमीत लंगोटावर उतरायचे, पंचगंगेच्या घाटावरून पाण्यात उडी घ्यायची, हे येथल्या मुलपणाचे संस्कार आहेत. गुळाच्या व्यापारासाठी शाहू महाराजांनी वसवलेल्या आमच्या शाहूपुरीत आज तालीमही आहे आणि आरशांनी मढवलेल्या जिमही आहेत. तालमीतल्या वजनदार मल्लाची छाती सैल असली तरी तिला कोणी बायकी म्हणत नाही. तेथे प्रश्न दमाचा आणि पकडीचा असतो. जिममधला आरसा आणि खिशातला कॅमेरा यांचा प्रश्न फक्त दिसण्याचा आहे. अर्थात तालमीचे उगाच गोडवे गाण्याचे कारण नाही. ‘बायल्या’ ही शिवी हौद्यातही तितक्याच सहजपणे दिली जाते.

याच शहराने पुरुषदेहाकडे पाहण्याची दुसरी एक दृष्टीही जोपासली होती. १९१२ मध्ये खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले आणि १९१५ मध्ये त्याला लागूनच पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत भस्मसात झाले, तेव्हा सारे शहर हळहळले. ज्या केशवरावांचे नाव त्याला दिले, त्यांनी उमेदीच्या काळात शारदेची भूमिका गाजवली होती. भिंतीच्या एका अंगाला मल्ल, दुसऱ्या अंगाला स्त्रीवेशातला नट; आणि प्रेक्षक बहुधा तेच! मात्र ही उदारता रंगमंचापुरतीच होती, हे कागलच्या आनंद यादवांनी ‘नटरंग’मध्ये दाखवून दिले. पिळदार शरीराचा गुणा नाच्या होतो आणि गाव त्याच्या देहाची किंमत बदलून टाकते.

मग उपचार करावा की नाही? दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही मला अपुरी वाटतात. ‘आहे तसा स्वीकार’ हे पहिले. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत याच कारणावरून मुलगा अपात्र ठरू शकतो. ज्या जिल्ह्यात पहाटेच्या अंधारात रस्त्यांवर धावणारी मुले भरतीवर घराची आशा टांगून असतात, तेथे हा उपदेश पोकळ ठरतो. ‘लगेच कापून टाक’ हे दुसरे. वाढीच्या वयात थांबणे हाच बहुधा उत्तम उपचार असतो. सुरुवातीच्या काळात काहींना गोळ्यांचा उपयोग होतो. वर्षभरानंतर ग्रंथी तंतुमय होते आणि गोळ्या निष्प्रभ ठरू लागतात. व्यायामाने चरबी घटते, ग्रंथी नाही. शस्त्रक्रियेत ग्रंथी काढतात, चरबी शोषून घेतात. तिला व्रण, बधिरपणा, खर्च हे सारे आहेच. तरीही वाढ पूर्ण झाल्यावर, तपासण्या झाल्यावर, एखाद्या तरुणाला ती करून घ्यावीशी वाटली, तर त्याने ती खुशाल करून घ्यावी. त्यासाठी त्याला कोणापुढे समर्थन देण्याची गरज नाही. अट एकच : निर्णय त्याचा असावा, मागच्या बाकावरच्या हशाचा नसावा.

आणि येथे आपला, भाषा शिकवणाऱ्यांचा, संबंध येतो. एप्रिलच्या उकाड्यात दोन बनियन घालणारा, सॅक पाठीऐवजी छातीशी धरणारा, गॅदरिंगला आणि पोहायला सतत ‘तब्येत बरी नाही’ म्हणणारा मुलगा आपल्यातील बहुतेकांच्या वर्गात असतो. त्याला डॉक्टरकडे न्यायचे काम घरच्यांचे. पण नायिकेच्या वक्षाची वर्णने आपण निःसंकोच शिकवतो, मर्दानी छातीवरचे पोवाडे तालात वाचतो, आणि ‘बायल्या’ हा शब्द वर्गात उमटला की ऐकू न आल्यासारखे करून पुढच्या ओळीकडे वळतो. त्या शब्दापाशी थांबावे. त्याचा अर्थ विचारावा. ‘बाई’ या शब्दाची शिवी कशी होते, हा भाषाशास्त्राचा प्रश्न आहे आणि तो अभ्यासक्रमाबाहेरचा नाही.