ठळक अक्षर कुठे शोभते?

औंढा नागनाथ तालुक्यातल्या शिरड शहापूरला मल्लिनाथांचे दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे. त्यामुळे पाट्या वाचत वाट काढणारा परगावचा माणूस इथे नवा नाही. दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत असावी आणि ती अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असे महाराष्ट्राच्या २०२२च्या कायदादुरुस्तीने ठरवले. कायद्याने मोठेपणा ठरवला. वळण मात्र पाटी करवून घेणाऱ्यावर सोडले. मग जाड-बारीक रेषांचे पारंपरिक ठळक अक्षर घ्यावे, की एकसारख्या जाडीचे साधे?

पारंपरिक अक्षराची बाजू भक्कम आहे. तिरक्या टोकाच्या बोरूने लिहिताना रेष आपोआप कुठे भरते, कुठे निमुळती होते. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या खिळ्यांत हेच वळण उतरले आणि पोथ्या-पंचांगांतून घरोघरी पोचले. देवनागरीत रोमनसारखे सेरिफ, म्हणजे रेषांच्या टोकांना येणारे छोटे फाटे, नसतात. जुनेपणाचा भारदस्तपणा या जाड-बारीक फरकातूनच येतो. इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘रोझा वन’मध्ये हा फरक अगदी टोकाला नेला आहे. देवस्थानाचे नाव किंवा पुस्तकाचे शीर्षक अशा अक्षरात उठून दिसते.

मात्र हेच गुण दुसरीकडे अडचण करतात. ‘शिरड शहापूर’ एवढेच लिहून पाहा. रेष जाड केली की ‘श’ची गाठ बुजू लागते, ‘ह’च्या पोटातली जागा आक्रसते. ‘मल्लिनाथ’मधल्या जोडाक्षरात तर दोन ‘ल’ एकमेकांना खेटतात. दुरून पाहणाऱ्याला बारीक रेषा दिसत नाहीत, उरतात ते काळे ठोकळे.

साध्या, एकसारख्या जाडीच्या अक्षराचा फायदा इथे कळतो. ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा मोफत फॉन्ट कमी-अधिक जाडीत मिळतो; त्यामुळे अंतर आणि मजकूर पाहून जाडी निवडता येते. बाण, अंतर, वेळ, फोन क्रमांक यांना हेच सोयीचे.

दुसऱ्या बाजूने, सगळीकडे हेच अक्षर वापरले तर औषधाचे दुकान, देऊळ आणि बँक एकाच सुरात बोलू लागतात. ओळख हीसुद्धा वाचकाची गरज आहे. परगावच्या भाविकाला देवस्थानाची कमान लांबून ओळखू आली, तर त्याचाही वेळ वाचतोच.

दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे. तरी आमचा कल वाटणीकडे आहे. दोन-चार शब्दांचे नाव, मोठ्या आकारात, भोवती मोकळी जागा ठेवून लिहायचे असेल तर पारंपरिक ठळक अक्षर घ्यावे. पत्ता, दिशा, सूचना आणि सलग मजकूर मध्यम जाडीच्या साध्या अक्षरात असावा. यात एका पाटीवर दोन वळणे येतात आणि काहींना ती विसंगत वाटतील. पण सूचना वाचताच न येण्यापेक्षा ही किंमत कमी आहे. फ्लेक्स छापायला देण्यापूर्वी नमुना कागदावर काढून भिंतीवर लावावा, रस्त्यापलीकडे उभे राहून वाचावा आणि मगच पैसे द्यावेत.